मदत मागण्याची भीती



आजच्या विषयात एक गंमत आहे, आणि ती जरा कडू आहे. हे व्याख्यान ज्याच्यासाठी आहे तो माणूस बहुधा या सभागृहात आलेलाच नाही. आला असेल तर शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला असेल. कुणी ओळखीचं दिसलं तर चटकन उठून जाता यावं म्हणून. कृपा करून मागे वळून बघू नका. बघितलंत तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. व्याख्यान नंतर छापलं जाणार आहे, ही त्यातल्या त्यात सोय. घरी बसून, दार लावून वाचता येईल.

विषय आहे सोशल अँग्झायटी, म्हणजे सामाजिक चिंताविकार. त्यातही विकारापेक्षा त्यावरचा उपचार शोधणं. उपचार आहे. त्याचा गुण येतो हे अनेक देशांत तपासून झालं आहे. मग रोगी आणि उपचार यांची गाठ का पडत नाही? दहा-दहा वर्षं, वीस-वीस वर्षं का पडत नाही?

आधी एक घोळ निस्तरायला हवा. बुजरेपणा म्हणजे हा विकार नव्हे. आपल्याकडे भिडस्त, मुखदुर्बळ, संकोची माणसं घरोघरी असतात आणि त्यांचं काही अडत नाही. मोहनदास गांधींचंच बघा. लंडनच्या शाकाहारी मंडळात लिहून नेलेलं भाषण त्यांना वाचता येईना, दुसऱ्याला वाचून दाखवावं लागलं. 1891 साली बॅरिस्टर होऊन ते परत आले आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला घेऊन उभे राहिले. ममीबाईंचा खटला, साधाच, फी 30 रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं. एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितलं, फी परत केली. त्या वकिलांनी 51 रुपये घेतले. आणि आफ्रिकेला जाईपर्यंत गांधी पुन्हा खटला चालवायला कोर्टात उभे राहिले नाहीत.

म्हणून गांधींना हा विकार होता, असं म्हणायचं का? अजिबात नाही. मेलेल्या माणसांना रोगाची नावं चिकटवण्याचा छंद बरा नव्हे. पण या प्रसंगातली शेवटची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घाम फुटला, तोंडाला कोरड पडली, हे कुणालाही होतं. त्यानंतर माणूस ती जागाच टाळायला लागतो का, हा खरा प्रश्न. टाळणं एका कोर्टापुरतं राहिलं तर आयुष्य दुसरी वाट काढतं. टाळणं पसरत गेलं तर?

पसरतं म्हणजे कसं? एसटीत कंडक्टरला ‘इथे थांबवा’ म्हणता येत नाही, म्हणून पुढच्या थांब्याला उतरून उन्हातून चालत परत येणं. बँकेत काउंटरवरचा माणूस बघत असताना सही करावी लागेल, हात कापेल, म्हणून पैसे तसेच पडू देणं. लग्नाच्या पंगतीत घास उचलताना कुणी बघेल म्हणून ‘पोट बरं नाही’ सांगणं. तोंडी परीक्षेच्या दिवशी घरातून निघून कॉलेजला न पोचणं. मुलाखतीचं पत्र घरात कुणाला न दाखवता फाडून टाकणं. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ, हसण्यावारी नेण्यासारखी. पण महिने उलटतात, शिक्षण सुटतं, नोकरी सुटते, लग्नाचा विषय निघाला की घरात भांडण होतं. भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली आणि तिने माणसाचं रोजचं जगणं अडवलं, की डॉक्टर तिला विकार म्हणतात.

वैद्यकाला हे उशिराच कळलं. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी 1903 साली लोकांत वावरण्याच्या भीतीचं वर्णन केलं होतं. ब्रिटनमध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी 1966 साली ती इतर भयगंडांपासून वेगळी काढली. अमेरिकेच्या अधिकृत निदानपुस्तकात तिला जागा मिळाली 1980 साली. आणि 1985 मध्येसुद्धा मायकेल लिबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपल्या लेखाच्या शीर्षकात या विकाराला ‘दुर्लक्षित’ म्हणावं लागलं. पुढे काटा उलट्या बाजूला झुकला. 1999 मध्ये पॅरोक्सेटिन या औषधाला अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली, आणि जाहिराती अशा झळकल्या की जणू सगळ्या देशाला माणसांचं वावडं आहे. लाजणं हाही आता रोगच का, असं टीकाकारांनी विचारलं. बरोबर विचारलं. पण आपल्याकडचं दुखणं नेमकं उलटं आहे. इथे रोगालाही स्वभाव म्हणतात. ‘लहानपणापासून असाच आहे तो’ या वाक्यावर किती घरांत किती वर्षं निघून गेली असतील!

या वाक्याला थोडा आधारही आहे, हीच अडचण. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत या विकाराच्या सुरुवातीचं मध्यक वय 13 निघालं, आणि सुमारे 12 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी तो झालेला आढळला. तेरा वर्षांच्या पोराला ‘आधी मी वेगळा होतो’ असं सांगता येत नाही. त्याला ‘आधी’च नसतो. ताप चढला की कळतं, कारण काल नव्हता. इथे काल, परवा, सातवीत, आठवीत, सगळीकडे हेच. तिथल्याच चिंताविकारांवर काम करणाऱ्या संघटनेच्या माहितीप्रमाणे 36 टक्के रुग्ण मदत मागण्याआधी दहा किंवा त्याहून जास्त वर्षं हे सोसतात.

आता दुसरा मुद्दा, आणि आजच्या बोलण्याचा गाभा हाच. या विकाराचा उपचार शोधायला जे जे करावं लागतं, ते ते करण्याचीच या रुग्णाला भीती असते. दुसऱ्या कुठल्या दुखण्यात असा पेच इतका पक्का बसतो?

समजा, सांगलीकडच्या गावातून पुण्याला शिकायला आलेली एक मुलगी आहे. तिला आता कळलं आहे की हे काहीतरी वेगळं आहे आणि याला डॉक्टर असतो. तिने काय करायचं? दवाखान्यात फोन करायचा. अनोळखी माणसाला फोन! ती आधी मनात वाक्यं जुळवणार, तीनदा नंबर फिरवून कापणार. फोन लागला तर पलीकडून विचारणार, ‘काय तक्रार आहे?’ मग सरकारी रुग्णालयात जायचं तर केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. खिडकीवर विभागाचं नाव मोठ्याने सांगायचं, मागे रांग ऐकत असते. मग बाकावर बसायचं. मग नावाचा पुकारा. तिला ज्या ज्या गोष्टीची धास्ती आहे, ती प्रत्येक गोष्ट डॉक्टरच्या खुर्चीच्या अलीकडे ओळीने मांडलेली. आणि एवढं पार करून आत गेल्यावर? सगळ्यात अवघड काम तिथेच. एका मोठ्या माणसाच्या नजरेला नजर देऊन स्वतःबद्दल बोलायचं.

बरेच जण तिथवर जाऊन परत फिरतात. आणि आपण म्हणतो, गरज असती तर गेली असती.

ही अडचण ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेला दिसली, आणि तिने ती लिहून ठेवली. तिथल्या नाइस या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शिकेत या विकाराच्या उपचाराबरोबर प्रतीक्षागृहाचाही विचार आहे. पहिल्या भेटीआधी रुग्णाला पत्र पाठवावं. आल्यावर कुठे जायचं, कुठे थांबायचं, कोण भेटेल हे त्यात स्पष्ट लिहावं. वेगळ्या जागी किंवा इमारतीबाहेर थांबायची मुभा द्यावी. सारखे डॉक्टर बदलले तर या रुग्णाला जास्त त्रास होतो, याचंही भान ठेवायला सांगितलं आहे. यात पैसा किती लागतो? एका पत्राचा. इंग्लंडमध्ये तर 2008 पासून उभ्या राहिलेल्या बोलण्याच्या उपचारांच्या सेवेत फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, स्वतःच अर्ज भरून नाव नोंदवता येतं. तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींनी हे जरूर ध्यानात ठेवावं. जवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवलेलं असलं की हा रस्ता त्यांनाही खुला आहे.

आपल्याकडे 10 ऑक्टोबर 2022 ला टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली. 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही. चांगली योजना आहे. पण आहे फोनच. काहींना चेहरा दिसत नाही म्हणून फोन सोपा जातो. काहींना फोन हीच सगळ्यात मोठी परीक्षा. त्यांच्यासाठी पहिला फोन भावाने, आईने, मैत्रिणीने करून दिला तर बिघडलं कुठे? ‘तिचं तिनेच करायला हवं, तरच धीर येईल’ असं म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं, की धीर यायला जो उपचार लागतो त्याच्या आधीच आपण धीराची अट घालतो आहोत.

तर मग आत गेल्यावर काय व्हायला हवं? इथे जरा रेंगाळायला हवं, कारण हे ठाऊक नसल्यामुळे माणसं भलत्याच ठिकाणी पैसे आणि वर्षं घालवतात.

1995 साली डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न हाताळला. ही माणसं रोज थोडंफार तरी लोकांत वावरतातच. मग भीती आपोआप का जात नाही? त्यांचं उत्तर असं. एक तर लोकांत गेल्यावर या माणसाचं लक्ष समोरच्यावर नसतंच. ते सगळं आत वळलेलं असतं. आपला आवाज, आपला घाम, आपले लाल झालेले गाल. समोरचा हसतोय की जांभई देतोय हे त्याने धड पाहिलेलंच नसतं. दुसरं, तो स्वतःला सांभाळायच्या युक्त्या करतो. हात कापू नये म्हणून ग्लास गच्च धरतो, आणि गच्च धरल्यामुळे तो जास्त कापतो. चूक होऊ नये म्हणून हळू बोलतो, आणि ऐकू येत नाही म्हणून चार जण पुढे वाकून त्याच्याकडे बघायला लागतात. मनात वाक्यं जुळवत बसतो, आणि समोरच्याला वाटतं, शिष्ट आहे लेकाचा. आणि तिसरं, घरी आल्यावर रात्री सगळा प्रसंग पुन्हा पुन्हा उगाळतो, दर वेळी स्वतःला आणखी वाईट भूमिकेत टाकून.

त्यावरचा उपचार म्हणजे प्रयोग. रुग्णाला एकदा नेहमीच्या युक्त्या करत अनोळखी माणसाशी बोलायला लावतात, एकदा त्या सोडून. दोन्हींचं चित्रीकरण होतं. आपण कसे दिसलो असू हे आधी त्याने सांगायचं, मग चित्रफीत बघायची. बहुतेकांना धक्का बसतो, आणि तो सुखाचा असतो. मनातला घाम धारांनी वाहत होता, पडद्यावर कपाळ कोरडं. मग हेच प्रयोग दुकानात, कॅन्टीनमध्ये, बसमध्ये. मुद्दाम अडखळायचं आणि लोक काय करतात ते बघायचं. लोक बहुधा काहीच करत नाहीत.

हे नुसतं समजुतीचं बोलणं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, त्या वयात लाज वाटावी असा टी-शर्ट घालून इतर मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. 2000 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी नजरेत आलं असणार. प्रत्यक्षात चौघांत एकाच्याही जेमतेम लक्षात आलं होतं. ‘चार लोक काय म्हणतील’ या आपल्या जुन्या धाकाचा हिशेब असा भरतो: चारांपैकी तिघांनी बघितलेलंच नसतं.

प्रयोगाने भीती घालवण्याची ही कल्पना त्याहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा ठाण्यापर्यंत येतो. 1933 साली न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस नावाचा 19 वर्षांचा मुलगा स्त्रियांशी बोलायला विलक्षण घाबरायचा. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची, असा त्याने स्वतःला दंडक घालून घेतला. महिनाभरात 130 जणी. त्यातल्या 30 लगेच उठून गेल्या, उरलेल्या 100 जणींशी बोलणं झालं. भेटायला येते म्हणाली एकच, आणि तीही आली नाही. (हा प्रयोग आज कुणी करू नये; बागेत एकट्या बसलेल्या बाईला निवांत बसू द्यावं.) डेटिंगच्या दृष्टीने सपशेल नापास. पण आकाश कोसळलं नाही, हे 130 वेळा अनुभवून भीती मात्र गेली. पुढे 1955 च्या सुमारास या गृहस्थाने विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. तिच्यात लाज मोडायचे अफाट व्यायाम आहेत, केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यावरून फिरवून आणण्यासारखे. ठाण्यात 1990 मध्ये सुरू झालेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी हीच विचारपद्धती मराठीत, मराठी उदाहरणांनिशी लोकांपर्यंत नेली. भीतीबद्दल आपल्या भाषेत बोलता येणं ही उपचारात चैन नसते. ज्याला आधीच प्रत्येक शब्दाची धास्ती, त्याने परक्या भाषेत मन कसं उघडावं?

औषधांचं थोडक्यात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं उपयोगी पडतात. गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची सवय लागते. आणि वरातीत नाचण्यापुरते दोन पेग, मग मुलाखतीआधी एक, मग रोज, हा जो घरगुती उपचार अनेक पुरुष गुपचूप करत असतात, तो दुसऱ्या रोगाचा रस्ता आहे. 2014 मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात 101 चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला. त्यात समोरासमोर, एकेकट्याला दिलेला विचार-वर्तन उपचार (वर सांगितलेली क्लार्क-वेल्स पद्धत त्यातलीच) पहिल्या क्रमांकावर राहिला. नाइसच्या शिफारशीत क्लार्क-वेल्स पद्धतीची सत्रं जास्तीत जास्त 14, दीड-दीड तासाची, चार महिन्यांत. म्हणजे एकूण 21 तास. वीस वर्षांच्या दुखण्याला 21 तास!

हे 21 तास इथे कोण देणार? आपली दुरवस्था लपवण्यात अर्थ नाही. निम्हान्स या संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नेहमीच्या मनोविकारांतल्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्या पाहणीतल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण खूश व्हायचं कारण नाही. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. पण या विकाराच्या माणसाला ‘मनोरुग्णालय’ ही पाटी वाचूनच घरी परतावंसं वाटतं. त्याच्यासाठी तालुक्याचा दवाखाना हवा, जिथे माणूस खोकल्यासाठीही जातो.

ते शक्य आहे का? गोव्याने दाखवलं आहे. 1996 पासून तिथे काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्यावर सहा ते आठ सत्रांचा उपचार द्यायला लावला. 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले, आणि उपचाराचा गुण आला होता. ते नैराश्यावरचं काम होतं, हे खरं. पण पद्धत नेमकी असेल, लिहून ठेवलेली असेल आणि वर देखरेख असेल तर ती शिकवता येते, एवढं त्यातून सिद्ध झालं. क्लार्क यांनी तर 2022 मध्ये दाखवलं की त्यांचाच उपचार इंटरनेटवरून दिला तर समोरासमोरच्या उपचाराइतकाच गुण येतो आणि तज्ज्ञाचा वेळ निम्म्याहून कमी लागतो. घरातून बाहेर पडायला घाबरणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! असा मराठीतला कार्यक्रम एखाद्या विद्यापीठाने हाती घेतला तर दहा सभागृहं बांधण्यापेक्षा जास्त काम होईल.

तोवर, खासगीत जाणाऱ्यांसाठी काही रोखठोक गोष्टी. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर. औषध तो देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारणं हा अपमान नव्हे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आठवड्याच्या शिबिरानंतरही लावता येते. व्यक्तिमत्त्व विकास, सभाधीटपणाचे वर्ग, स्टेज डेअरिंग यांचा बुजऱ्या मुलांना फायदा होतोही. पण या विकाराच्या मुलाला पहिल्याच दिवशी पन्नास जणांपुढे माईक हातात देऊन उभं केलं, तर तो उपचार नव्हे, ती इजा आहे. शहरात एका सत्राला हजार-दीड हजार सहज जातात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावलं, पण आपले बहुतेक विमे दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि हा उपचार खुर्चीत बसून होतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं: या विकारावर कोणती पद्धत वापरता, सत्रं साधारण किती, खोलीबाहेरचे प्रयोग करवून घेता का? ‘बोलत राहू, बघू’ एवढंच उत्तर आलं तर दुसरं दार ठोठावावं. तोंडी विचारणं जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावं. चांगला उपचारक त्या लिहिण्यावरूनच अर्धं निदान करतो.

आणि दवाखाना चालवणाऱ्या मंडळींना एक विनंती. नावाचा पुकारा बंद करा, क्रमांक द्या. फोनऐवजी संदेशावर वेळ घेता येईल असं करा. पहिल्या भेटीच्या आधी दोन ओळी पाठवा: कोणता मजला, कोणतं दार, कोण भेटेल.

व्याख्यानमालेच्या रिवाजाप्रमाणे आता प्रश्नोत्तरं आहेत. माईक फिरवला जाणार नाही. कार्यकर्ते कोऱ्या चिठ्ठ्या वाटतील. प्रश्न लिहावेत, नाव लिहू नये. ज्यांना इथेही लिहायचं नसेल त्यांच्यासाठी पेटी बाहेर पायऱ्यांजवळ उद्या संध्याकाळपर्यंत राहील, आणि त्या प्रश्नांची उत्तरं छापील पुस्तिकेत शेवटी घातली जातील.